वाढवलेलं दुकान

बटणकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारते ती फक्त काकू, आणि तीही रागावली तरच. बाकी सगळ्या रस्त्याचे ते बटणकाका. त्यांचं दुकान इतकं अरुंद की दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर त्यांना एकमेकांची ओळख करून घ्यावीच लागते. छतापर्यंत पुठ्ठ्याचे खोके, आणि प्रत्येक खोक्याच्या तोंडावर आतल्या मालाचा एक नमुना दोऱ्याने शिवलेला. बटणं, हुक, चेन, लेस, इलॅस्टिक, रिळं. त्यांच्या अगदी समोर, रस्त्याच्या या बाजूला, मी कपडे शिवते. ते मला मास्तरीण म्हणतात. शिंप्याला मास्तर म्हणायचं, मग बाईने काय कुणाचं घोडं मारलंय, असं त्यांचं म्हणणं.

काकांकडे बटण घ्यायला जायचं म्हणजे कापडाचा तुकडा घेऊन जायचं. तो तुकडा आणि बटण तळहातावर ठेवून ते आधी दुकानाच्या उंबऱ्यावर यायचे. दिवसाच्या उजेडात पाहिल्याशिवाय त्यांनी कधी कुणाला रंग विकला नाही. "दिव्याखाली सगळीच बटणं गुणी असतात," असं म्हणायचे. सात लागत असतील तर सातच द्यायचे. आठवं मागितलं की विचारायचे, "कशाला? पोट सुटणार आहे का गिऱ्हाइकाचं?"

दुकान त्यांच्या वडिलांचं. वडील फार कडक. लहानपणी एकदा काका घरी येऊन म्हणाले, "बाबा, दुकान बंद केलं," तर जेवणाच्या ताटावरच थोबाडीत बसली होती. दुकान बंद होत नसतं, दुकान वाढवतात. रात्री कुलूप लावलं की वाढवलं, सुट्टी असली की वाढवलं. 'बंद' हा शब्द त्यांच्या जिभेवर पुन्हा कधी आला नाही. माझं शटर अडकलं की मी म्हणायची, "काका, बंदच होत नाही हो हे," तर तेवढ्यानेही कानाला हात लावायचे. मी मुद्दाम म्हणायची, हे वेगळं सांगायला नको.

पण शब्द कितीही पाळला तरी रस्ता रिकामा व्हायचा तो झालाच. लोक तयार कपडे घ्यायला लागले, आमचे शिंपी एकेक करून उठले. काकांच्या डावीकडचा चपलांचा दुकानदार गेला, उजवीकडचा भांडीवाला गेला. शटरांवर गंज चढला, त्यावर कुणीकुणी जाहिराती चिकटवल्या, कोपऱ्यात कचरा साठला. तेव्हा पालिकेला एकदम रस्त्याची लाज वाटायला लागली. दुकानं का गेली हे विचारायला कुणी आलं नाही. गेलेली दुकानं वाईट दिसतात, एवढंच त्यांच्या डोळ्यांत खुपलं. म्हणून रिकाम्या दुकानांच्या तोंडावर मोठे छापील फलक लावायचे ठरले, भरलेल्या दुकानांची चित्रं असलेले. लांबून पाहिलं की रस्ता कसा गजबजलेला दिसला पाहिजे.

पाहणीला एक मुलगी आली. गोड मुलगी, तिला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. दिवसभर फिरून ती आमच्याकडे पोचली तेव्हा संध्याकाळ झाली होती. काका शटर ओढून कुलूप लावत होते. मी दारात उभी होते, सगळं ऐकलं.

"काका, हे पण दुकान बंद का?"

"अगं, शुभ बोल जरा! वाढवलंय."

"म्हणजे बंदच ना?"

"आमच्यात तसं म्हणत नाहीत. वाढवलं म्हटलं की समजून घ्यायचं."

तिने समजून घेतलं. मान हलवून म्हणाली, "सॉरी काका. आम्ही या ओळीला चित्रं लावणार आहोत. तुमची काही हरकत?"

"हरकत कसली? लाव की. रस्त्याला शोभा येईल, चार माणसं येतील."

आणि खुशीत पिशवी हलवत ते घरी गेले. मी हसले, कारण मला त्या म्हाताऱ्याच्या शब्दाचं हसू आलं. त्या शब्दाने त्यांचं दुकान कायमच्या बंद दुकानांच्या यादीत गेलं, हे ना त्यांना कळलं, ना त्या मुलीला, ना मला.

आमच्या सुट्टीच्या दिवशी पालिकेची माणसं आली आणि पूर्ण ओळीला फलक ठोकून गेली. दुसऱ्या दिवशी काका आले तर त्यांच्या शटरवर केकचं दुकान. लोखंडी चौकट दोन्ही बाजूंच्या भिंतींत स्क्रू मारून घट्ट बसवलेली, आणि चित्रात पांढरी टोपी घातलेली एक बाई तीन मजली केक पुढे करून हसतेय. काका किल्ली हातात धरून तिच्यासमोर उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तरीण, मी चुकीच्या रस्त्यावर आलो का ग?"

मी पेचकस घेऊनच बाहेर आले. "दोन मिनिटांचं काम आहे, काढून फेकू."

"नको. सरकारी मालाला हात लावायचा नाही. चूक त्यांची आहे, ते काढतील."

इथेच आमचं जमत नाही. मी काढलाच असता तो फलक, आणि दंड झाला असता तर तोही भरला असता. पण काका आयुष्यभर रांगेत उभे राहिलेले, आणि रांगेत उभं राहिलं की नंबर येतो, यावर त्यांचा विश्वास. पालिकेत गेले. तिथल्या चष्मेवाल्या साहेबांनी बसवलं, चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि अगदी मनापासून हळहळले. "लावायची मंजुरी आहे हो काका, पण काढायची नाही. काढायचं तर पुन्हा वर जावं लागेल." वर म्हणजे कुठे, हे काकांनी विचारलं नाही. साहेबांनाही ते माहीत असेल असं मला वाटत नाही.

दुकानाला मागे एक लहान दार होतं, गटाराच्या बोळात उघडणारं. काका तिथून आत जायला लागले. कचऱ्याचे डबे ओलांडून, धोतर नाही तरी विजार वर धरून. आत दिवसाही दिवा लावून बसायचे. समोरून लोक फलकावर टकटक करायचे. आतून काका "कोण?" म्हणाले की बाहेरून आवाज यायचा, "केक आहे का?" सुरुवातीला आम्ही या गोष्टीवर पोट धरून हसलो. मग गिऱ्हाइकं खरोखरच यायची थांबली. गावभर झालं, बटणकाका गेले. कुणी म्हणालं गावाला गेले, कुणी म्हणालं कायमचेच गेले. लांबचा एक शिंपी तर माझ्याकडे येऊन हळहळून विचारत होता, "काय झालं होतं हो त्यांना?" मी त्याला बोटाला धरून बोळातून आत नेलं. त्याने काकांना पाहिलं, हसला, दोन रिळं घेतली आणि परत काही आला नाही. बोळातल्या त्या घाणीतून कोण येणार?

एकदा मला एका काळ्या कोटाची बटणं हवी होती. तुकडा घेऊन गेले. काकांनी दिव्याखाली पाहिलं, खोका काढला, सहा बटणं मोजून दिली. मी माझ्या दुकानात येऊन उजेडात धरली तर बटणं गडद निळी. मी गप्प बसून लावलीही असती, पण कोट उन्हात जाणारच होता. परत नेली. काकांनी ती माझ्या हातातून घेतली, बोळात गेले, वर आभाळाचा जेवढा पट्टा दिसत होता त्याखाली तळहात धरून खूप वेळ पाहत राहिले. "निळी आहेत," म्हणाले. मग खाली मान घालून म्हणाले, "मी कधी कुणाला चुकीचं बटण दिलं नव्हतं ग." मी म्हटलं, होतं कधी कधी. ते म्हणाले, होत नाही.

पुन्हा पालिकेत गेले. या वेळी मीही गेले, भांडायलाच. चष्मेवाले साहेब माझं सगळं ओरडणं ऐकून घेऊन शांतपणे म्हणाले, "ताई, तुमचं बरोबर आहे. केक आणि बटणं म्हणजे दिशाभूलच. चित्र बदलायचा अधिकार मात्र मला आहे. काकांचंच दुकान छापून देतो."

मी कपाळाला हात लावला. पण काकांचे डोळे चमकले. त्यांना वाटलं, आपलं दुकान दिसलं की लोकांना कळेल. फोटोवाला आला. काकूने इस्त्रीचा शर्ट दिला. काका मागच्या दाराने आत गेले, गल्ल्यामागे बसले, तळहातावर एक लाल बटण धरलं आणि हसले. आठवड्याभरात केकवाली बाई गेली आणि तिच्या जागी काका आले, खऱ्यापेक्षा मोठे, मागे सगळे खोके, अगदी नमुन्याच्या दोऱ्यासकट. चित्र इतकं सुरेख की मला राग धरता येईना. काकू पाहायला आली. बराच वेळ पाहून म्हणाली, "घरी असे हसत नाहीत." आणि मग आणखी थोडं पाहून म्हणाली, "हे कुणी गेल्यावर त्याच्या मागे लावतात तसं दिसतंय हो." काका तिच्यावर चिडले. मी पहिल्यांदा त्यांना चिडलेलं पाहिलं.

चित्र मात्र गाजलं. लोक लांबून पाहायला यायला लागले. त्यासमोर उभे राहून फोटो काढायचे, कुणी हसत, कुणी गंभीर चेहरा करून. "जुन्या काळी अशी दुकानं असायची," असं आपल्या मुलांना सांगायचे. आत दिवा लावून बसलेल्या काकांना ते फलकाच्या पलीकडून ऐकू यायचं. एका पुठ्ठ्यावर त्यांनी लिहिलं, 'दुकान चालू आहे, मागच्या बाजूने या', आणि फलकाच्या खाली टेकवून ठेवलं. पालिकेच्या सफाईवाल्याने ते उचललं. त्याला वरून सांगितलं होतं, चित्राजवळ काही ठेवू द्यायचं नाही. दुसरा पुठ्ठा ठेवला, तोही गेला.

मग काका स्वतःच फलकाच्या बाजूला उभे राहायला लागले. पुठ्ठा उचलता येतो, माणूस थोडाच उचलणार, असं मला डोळा मारून म्हणाले. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "दुकान चालू आहे हं, मागून यायचं." लोक हसून पुढे जायचे. एखादा चित्राकडे आणि मग त्यांच्याकडे पाहायचा, आणि का कोण जाणे, तिथून जरा लवकरच निघायचा. मी मशीनवरून मान वर करून रोज तेच पाहत होते. काही करता येत नव्हतं. मला इतकं हतबल कधी वाटलं नाही, आणि मी काही गरीब गाय नाही.

परवा कॉलेजातल्या दोघी आल्या. एक चित्राशेजारी उभी राहिली, दुसरीने फोन धरला, पुढे मागे सरकली, पुन्हा धरला. मग अगदी अदबीने म्हणाली, "काका, प्लीज जरा बाजूला होता का? फोटोत येताय तुम्ही."

माझ्या हातातली कात्री खाली पडली. मी उठून ओरडणारच होते, अगं बाई, चित्रातला माणूसच आहे तो! पण काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि तळहात दाखवून मला थांबवलं. "हो हो, घ्या," असं त्या पोरीला म्हणाले. एक पाऊल सरकले. तिने आणखी थोडं म्हणून बोटाने खूण केली, तेव्हा आणखी सरकत सरकत पार भांडीवाल्याच्या जुन्या दुकानापर्यंत गेले, आणि फोटो होईपर्यंत हात मागे बांधून तिथे उभे राहिले. पोरी आभार मानून गेल्या. काका मात्र तिथेच उभे राहिले, फलकाशेजारच्या आपल्या जागेवर परत काही आले नाहीत.