थोडक्यात वाचलेल्यांची वही

सातपूरच्या कारखान्यांच्या गल्लीत सलाउद्दीनभाईंची जिम आहे आणि तिथे कोणीही नसतं. म्हणजे व्यायाम करणारे भरपूर असतात. नसतात ते ट्रेनर, मॅनेजर आणि वॉचमन. फोन दाखवला की दार उघडतं. पहिल्या पाळीचे कामगार दुपारी साडेतीनला सुटून येतात, दुसऱ्या पाळीचे सकाळी, आणि तिसऱ्या पाळीचे कधी येतात ते त्यांच्या बायकांनाही ठाऊक नाही.

शेड सावळीरामदादांची. मागे त्यांचा कोबीचा मळा. त्यांनी एके दिवशी सलाउद्दीनभाईंना स्वच्छ सांगितलं, "चाचा, उद्या एखाद्याच्या छातीवर तुमचा तो वजनांचा दांडा पडला तर पोलीस पहिले माझ्या कोबीत शिरतील. महिनाअखेरीला विम्याचा कागद दाखवा, नायतर शटर खाली."

कागद आणायचं काम रविराजकडे आलं. रविराज अठरा वर्षांचा मुरलेला विमा एजंट. म्हशीपासून मंगल कार्यालयापर्यंत सगळ्याचा विमा त्याने उतरवला होता आणि एकही फॉर्म शेवटपर्यंत वाचला नव्हता. पण या वेळी दोन कंपन्यांनी फॉर्म परत पाठवला. दुसरीने तर इतक्या लगबगीने, की ती घाबरली असावी असं त्याला वाटलं.

मग त्याने आयुष्यात पहिल्यांदा फॉर्म वाचला. 'पूर्वीचे अपघात' या रकान्यात जगातला प्रत्येक शहाणा माणूस 'निरंक' लिहितो. सलाउद्दीनभाईंनी लिहिलं होतं, 'सोबत वही पाहावी.' आणि सोबत एका जाड वहीची झेरॉक्स. एकशे बारा नोंदी.

"चाचा, हे काय आहे?"

"थोडक्यात वाचलेल्यांची वही. कारखान्यात ठेवायचो आम्ही. झालेला अपघात तर कोणीही लिहितं, रविराजभाऊ. होता होता राहिला, तो लिहायचा."

"पण विमा कंपनीला कशाला सांगायचा? मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना कोणी सांगतं का, की ही घोरते म्हणून?"

"सांगावं. पुढे ऐकू येणारच आहे."

रविराजने कपाळावर हात मारला. तिसऱ्या कंपनीचा फॉर्म त्याने स्वतः भरला, 'निरंक' लिहिलं आणि वही जोडली नाही. कंपनीने कळवलं, जागा बघायला आमच्या निरीक्षक येतील.

प्रतिभामॅडम आल्या त्या दुपारी तीनला, जिम रिकामी असताना. त्या दारातून आत येतात न येतात तोच रविराजला स्टुलावर ती वही दिसली. त्याने जे सुचलं ते केलं. तो वहीवर बसला.

"इथे कोणी माणूस नाही," मॅडम म्हणाल्या. "मी एकटी आले, हा दांडा उचलला आणि तो गळ्यावर आला, तर?"

"उचलून बघा ना," सलाउद्दीनभाई म्हणाले.

मॅडमनी बाह्या सारल्या, बाकावर आडव्या झाल्या आणि जोर लावला. दांडा ढिम्म हलेना.

"कुलूप आहे. बाकाच्या दोन बाजूंना दोन खण आहेत. एकात तुमच्या गाडीची किल्ली, दुसऱ्यात सोबत्याची. दोन्ही खण एकाच वेळी ढकलायचे. एका माणसाचे हात तिथवर पुरत नाहीत. आणि दांडा परत आकड्यावर ठेवला नाही, तर सोबत्याची किल्ली सुटत नाही. सातपुरातला माणूस सोबत्याला सोडून जाईल एक वेळ, मॅडम. बाइक सोडून जाणार नाही." मग ते वळले. "रविराजभाऊ, उठा. दुसरा माणूस तुम्हीच."

रविराजने गुडघा दुखत असल्याचं सांगून पाहिलं. चाललं नाही. तो उठला, स्कूटरची किल्ली एका खणात टाकली, दुसऱ्यात सलाउद्दीनभाईंनी आपली, आणि दोघांनी ढकललं. खट्ट! दांडा सुटला. मॅडम मात्र दांड्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी स्टुलावरची वही उचलली होती.

संपलं, रविराज मनात म्हणाला. मॅडम उभ्यानेच वाचू लागल्या. पानं उलटत राहिल्या. शेवटी त्याने त्यांच्या खांद्यावरून डोकावलं.

'नोंद ५८. मदतीची लाल दोरी कमरेच्या उंचीवर. पडून पाहिलं. हात पोचत नाही. उपाय : दोरी घोट्याच्या उंचीवर घेतली.'

'नोंद ५९. शेडमध्ये एकवीस ठिकाणी पडून पाहिलं. एकोणीस ठिकाणी हात पोचला.'

'नोंद ६०. दोन ठिकाणी दोरी वाढवली. पुन्हा पडलो. पोचला.'

रविराजने भिंतीकडे पाहिलं. घोट्याच्या उंचीवर लाल दोरी सगळीकडून फिरत गेली होती. तो इतके दिवस तिच्यावरून पाय उचलून जात होता. ओढली की समोरच्या कंपनीच्या गेटवर भोंगा वाजतो आणि तिथला पहारेकरी धावत येतो, एवढं त्याला माहीत होतं. पण साठीकडे झुकलेला एक माणूस एकट्याने या फरशीवर एकवीसदा आडवा झाला, हात लांब करून पाहिला, उठला आणि चष्मा पुसून लिहून ठेवलं, हे त्याला माहीत नव्हतं. अठरा वर्षं तो लोकांच्या जिवाचे विमे विकत होता. जिवाची अशी काळजी घेणारा माणूस त्याला आज भेटत होता, आणि तोही रोजच्या ओळखीतला.

"एक खण कोणी पाचर मारून अडकवून ठेवला तर?" मॅडमनी विचारलं. आवाज मऊ झाला होता.

"खण प्रत्येक वेळी बाहेर आला नाही तर पुढच्या वेळी कुलूप उघडतच नाही." सलाउद्दीनभाईंनी डावा हात पुढे धरला. दोन बोटं नव्हती. "प्रेस मशीनला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी दाबायची. म्हणजे हात आत राहत नाही. मला घाई होती. एक बटण लाकडाच्या तुकड्याने दाबून ठेवलं. पाचर मारणारा काय विचार करतो, ते मला पाठ आहे, मॅडम."

हे त्यांनी बसचा नंबर सांगावा तसं सांगितलं. तो हात रविराजने आज पहिल्यांदा नीट पाहिला. रोज त्या माणसाशी हात मिळवायचा, पण उजवा.

मॅडमनी फॉर्म काढला. "हे 'निरंक' कोणी लिहिलं?"

रविराज छताच्या पत्र्याकडे बघू लागला. मग म्हणाला, "मी."

"खोडा. सही करा. आणि वही जोडा."

महिना संपायला दोन दिवस असताना पॉलिसी आली. शेवटी एक अट टाइप केलेली होती : वही अशीच चालू ठेवावी, दर तीन महिन्यांनी प्रत पाठवावी. सावळीरामदादांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "म्हंजे आता कोबीला धोका नाय ना?" नाही म्हटल्यावर ते मळ्यात गेले.

रविराज पेढे घेऊन जिममध्ये शिरला. बसायला स्टूल शोधलं, तर स्टूल नव्हतं. वही भिंतीवर साखळीला लटकत होती. त्याने उभ्यानेच शेवटचं पान उघडलं.

'नोंद ११३. निरीक्षक मॅडम आल्या असता रविराजभाऊ वहीवर बसले. वही दिसायची राहणार होती. इजा : कोणाला नाही. उपाय : वही साखळीला बांधली. स्टूल काढून टाकलं.'