बालाजीला दिलेले केस

केसांच्या डायचा उग्र वास आला की मला आष्ट्याच्या बाजारपेठेतलं ते एका खुर्चीचं पार्लर आठवतं. केमो संपून पाच महिने झाले होते आणि डोक्यावर बोटभर केस उगवले होते, राखेच्या रंगाचे, कुरळे, माझे वाटतच नव्हते. सांगलीत ओळखीच्या बायका कुजबुजतील म्हणून मी मुद्दाम एसटीनं आष्ट्याला गेले. पार्लरवाल्या बाईनं माझा स्कार्फ सोडला, केसांवरून हात फिरवला आणि आरशातून विचारलं, "बालाजीला केस देऊन आलासा व्हय?" मी पटकन हो म्हणून बसले. तिनं आधी माझ्या डोक्याला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावला, मगच वाटीत काळा रंग कालवला. "कुणासाठी बोलला हुतासा नवस?" मी म्हटलं, "एक बाई लय आजारी होती." ब्रश थांबला. "कोण लागत्यात तुमच्या?" गार रंग कानामागं ओघळत होता. "तिला माझ्याशिवाय कुणी नाही." तिनं ओघळ पुसला, आणि कुरळ्या केसांना भांग पाडून बसवताना हात जरा हलका केला. आता केस खांद्यापर्यंत आलेत. सांगलीत गल्लोगल्ली पार्लरं आहेत, तरी दर दीड महिन्यानं मी आष्ट्याची एसटी धरते. खुर्चीत बसले की ती पहिल्यांदा विचारते, "त्या बाई कशा हायत?" मी म्हणते, बऱ्या आहेत. त्या बाईची खुशाली विचारणारं तेवढं एकच माणूस आहे.