दातात धरलेली सुतळी

मंडळी, फ्लूचे विषाणू फक्त नाकात असतात, असं मी काल लिहिलं होतं. ते चुकलं. आज गरोदर वहिनीला तपासायला नेलं, तेव्हा डॉक्टरांना विचारलं. तोंडातल्या लाळेतही ते असू शकतात, म्हणाले.

घरी आल्यावर आई आणि वहिनी कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला बसल्या. आईला खोकला आहे, म्हणून तिने मास्क लावलाय. पण सुतळी दातांनी तोडायची म्हणून तो हनुवटीवर! तोडलेला तुकडा ती वहिनीला देते आणि वहिनीही तो दातात धरते.

मी बोलले, तर आई म्हणाली, "माझं उष्टं खाऊनच मोठी झाली ना तू? आता लय शिकली!"

वहिनीने पुढचा तुकडा दातात धरला. सासूला ती काय बोलणार?

शुक्रवारी पुन्हा कोथिंबीर काढायची आहे. त्या दिवशी कात्री घेऊन दोघींच्या मध्ये मी बसणार.