दहा मिनिटं पुढचं घड्याळ

माधवनगरच्या एका बंद सूतगिरणीच्या आवारात आता डेटा सेंटर आहे. दवाखाने, पतसंस्था, दूधसंघ यांचे संगणक तिथं थंडगार खोल्यांत रांगेनं उभे असतात. त्या सगळ्यांची घड्याळं एकसारखी ठेवायची, हे शिवतेजचं काम. भिंतीवरची घड्याळं नव्हेत. प्रत्येक यंत्राच्या पोटात एक असतं आणि वाऱ्यावर सोडलं की ते भरकटतं. दोन यंत्रांची वेळ जुळली नाही, तर रोग्याला ताप आधी चढला की इंजेक्शन आधी दिलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

गच्चीवरची अँटेना उपग्रहाकडून वेळ घेते. ती खाली एका मुख्य यंत्राकडं येते आणि तिथून बाकीच्यांना वाटली जाते. मात्र कुणीही सोम्यागोम्या येऊन 'आता इतके वाजले' म्हणाला, तर यंत्रं ऐकत नाहीत. वेळेबरोबर एक गुप्त खूण यावी लागते. ती पटली तरच वेळ घ्यायची. शिवाय काटा एकदम उडवायचा नाही. मागं पडलेल्याला थोडं थोडं पळवत रांगेत आणायचं. शिवतेजची वरिष्ठ नूरीन नव्या माणसाला पहिल्या दिवशीच बजावते, "बरोबर वेळ असली तरी गुपचूप लावायची नाही. बाकीच्यांनी चुकीच्या वेळेवर आपलं गणित बसवलेलं असतं."

शिवतेज हे सगळं पाळायचा, आणि त्याचा त्याला थोडा ताठाही होता. मनगटावरचं घड्याळ तो रोज मुख्य यंत्राशी मिळवायचा. टपरीवर कुणी "साडेदहा झाले असतील" म्हणालं, की हा पठ्ठ्या नेमकी मिनिटं सांगायचा, कुणी विचारलेलं नसताना.

आणि अशा माणसाच्या आष्ट्यातल्या घरचं घड्याळ दहा मिनिटं पुढं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ही करणी त्याच्या आईची, रंगूबाईची. वडील सयाजी फौजेत होते. एकदा सुट्टी संपवून निघताना त्यांची एसटी चुकली, पुढची आगगाडी चुकली आणि पलटणीत शिक्षा भोगावी लागली. रंगूबाईनं स्टूल घेतलं आणि काटा पुढं सरकवला, तो कायमचा. तेव्हापासून घरातलं प्रत्येक माणूस घड्याळाकडं बघायचं आणि मनातल्या मनात दहा वजा करायचं. सयाजी सुभेदार होऊन निवृत्त झाले, पण या घड्याळापुढं त्यांनी कधी शिस्त काढली नाही. "घरात कमांडर ती हाय," एवढंच म्हणायचे. शिवतेजला मात्र ते दातात अडकलेल्या सुपारीसारखं सलायचं.

धाकटी बहीण राजेश्वरी फौजेत नर्स व्हायच्या परीक्षेला बसत होती. आधी दोनदा थोडक्यात राहिलं होतं आणि वयाच्या अटीमुळं ही शेवटची संधी होती. या वेळी अभ्यास असा केला होता, की रंगूबाई मनातून तिला गणवेशातच बघत होती. केंद्र सांगलीत होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी शिवतेज घरी आला, तर घड्याळ बंद पडलेलं. "शिवा, तेवढा सेल घाल रं," भाकरी थापता थापता रंगूबाई म्हणाली. त्यानं सेल घातला, मनगटाकडं बघितलं आणि काटे लावले, अगदी बरोबर. यंत्रांनी त्याला खूण विचारली असती. घर विचारत नाही. घरच्याच माणसाचा हात म्हणून सोडून देतं. खाली उतरून तो सांगणारच होता, तेवढ्यात कामावरून फोन आला, की रात्रपाळीला माणूस कमी आहे. तो लगेच निघाला. उंबऱ्यावरून राजेश्वरीला म्हणाला, "सकाळी केंद्रावर भेटतो."

सकाळी पाळी संपवून तो केंद्राच्या फाटकाशी उभा राहिला. सयाजींचा फोन आला. "गाडी चुकली रं. मागच्या गाडीत बसलोय."

शिवतेजला नवल वाटलं. त्या एका प्रसंगानंतर वडिलांची गाडी कधी चुकली नव्हती. तरी मागची गाडीही वेळेत पोचायची, म्हणून तो फार घाबरला नाही. पण साखर कारखान्यांचा हंगाम होता. पहिली गाडी निघून गेल्यावर वाटेत डिग्रजच्या अलीकडं उसाची ट्रॉली कलंडली होती आणि गाड्या एकेक करून सुटत होत्या.

वॉचमननं फाटक ओढलं. शिवतेजनं मनगटावर बघितलं. फाटक वेळेवरच लागलं होतं. भांडायला जागा नव्हती. त्यानं हात जोडले. "माझ्या हातात काय न्हाई, भाऊ," वॉचमन म्हणाला, आणि ते खरंच होतं.

थोड्या वेळानं दोघं धावत आली. राजेश्वरीनं गज धरले. आतली मुलं जिना चढत होती.

"घरातनं येळंवर निघालो रं," सयाजी धापा टाकत म्हणाले. "तुझी आई म्हणली, अजून धा मिनिटं हायती, दही-साखर खाऊन जा. घड्याळ बघूनच म्हणली."

"आबा," शिवतेज म्हणाला, "काल सेल घातला तवा मी ते बरोबर लावलं."

सयाजी ओरडतील असं त्याला वाटलं. त्यांनी टोपी काढून फक्त कपाळ पुसलं. राजेश्वरीनं गज सोडले.

"सांगायचं हुतंस की, दादा," ती म्हणाली.

इतकी शरम त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी रंगूबाईनं तर दोष स्वतःवरच घेतला. "मीच बया दही द्यायला बसले," म्हणत राहिली. मग तिनं स्टूल ओढलं, काटा पुन्हा दहा मिनिटं पुढं केला आणि न जेवता झोपली.

राजेश्वरी आता सांगलीच्या एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. तिनं दिलेल्या प्रत्येक इंजेक्शनची वेळ माधवनगरच्या यंत्रात उमटते, आणि तिथली घड्याळं अजून शिवतेजच सांभाळतो. भावाबहिणीत वाकडं काही नाही. ती राखी बांधते, त्याच्या ताठ्याची थट्टा करते, जेवल्याशिवाय सोडत नाही. निघायच्या वेळी कधी तरी विचारते, "किती वाजलं रं, दादा?"

तो मनगटाकडं बघून सांगतो. ती "बरं" म्हणते आणि पर्समधून फोन काढून बघते. तेवढा वेळ शिवतेज दुसरीकडं बघतो.