शुक्रवारी तपासलेला कॉर्डलेस

रिंग जात होती, पण सलीमभाईंकडे कोणी फोन उचलत नव्हतं. शनिवारची सकाळ होती. मी पुन्हा नंबर लावला. पुन्हा तेच.

"असतील कामात," आमचे मालक मेहताशेठ म्हणाले. "तुम्ही उगाच टेन्शन घेता, गायकवाडबाई."

टेन्शनला कारण होतं. सलीमभाईंच्या बायकोला, नसीमला, आठवा महिना होता आणि ब्लडप्रेशर वाढलेलं होतं. डॉक्टरांनी जिना बंद केला होता. डोकं ठणकलं किंवा डोळ्यांपुढे काजवे चमकले तर ताबडतोब घेऊन या, असं बजावलं होतं. सासू अजून गावाहून यायची होती. नसीम दिवसभर वर घरात एकटी आणि सलीमभाई खाली पॉवरलूमच्या कारखान्यात. फोन एकच, तोही खालच्या ऑफिसात. म्हणून त्यांना कॉर्डलेस हवा होता.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी भिवंडीत धामणकर नाक्यावरच्या टेलिफोनच्या दुकानात फिटिंग आणि रिपेअरिंग बघायची. बुधवारी सलीमभाई आले.

"मॅडम, सबसे लंबी रेंजवाला दिखाओ. बीवी के हाथ में रहेगा."

मी तीन मॉडेल काढली आणि आधी समजावलं. कॉर्डलेसचे दोन भाग. बेस लाइनला जोडलेला असतो, हँडसेट आपण घेऊन फिरतो. दोघं रेडिओसारखे हवेतून बोलतात. हँडसेटचं बटण दाबलं की बेसची घंटा वाजते. खोक्यावर छापलेली रेंज मोकळ्या मैदानातली असते. मधे भिंत आली की ती घटते, लोखंड आलं की आणखी घटते. आणि मिक्सर लावला की रेडिओ खरखरतो, तशी जवळ मोटर चालू असली की फोनवरही खरखर येते. सलीमभाईंच्या ऑफिसपासून घरापर्यंत मधे लोखंडी लूमच्या रांगा होत्या, आणि प्रत्येक लूमला मोटर.

"मतलब महँगावाला लूँ?"

"महागाचीही गॅरंटी नाही. शनिवारी तिन्ही घेऊन येते. लूम चालू असताना बघू. जो चालेल तो ठेवा."

ते हो म्हणाले.

शुक्रवारी मी भाचीच्या साखरपुड्याला वज्रेश्वरीला गेले. भिवंडीत शुक्रवारी सुट्टी, लूम बंद. त्यामुळे नळ दुरुस्ती असो की पाहुणे, घरातली सगळी कामं लोक शुक्रवारी काढतात. सलीमभाईही मोकळे होते. त्यांनी शेठना फोन करून घरी बोलावलं आणि शेठ सगळ्यात भारी मॉडेल घेऊन स्वतः गेले.

"एकदम क्लिअर!" शनिवारी दुकानात येताच शेठनी मला सांगितलं. "मी वर गच्चीवरून बोललो, बोला!"

"शेठ, काल शुक्रवार होता."

"मग?"

"लूम बंद होते."

 मी रिसीव्हर उचलला तो तेव्हाच. सलीमभाई लूमवर असतील तर खालची घंटा त्या आवाजात त्यांना ऐकू येणार नाही, हे ठाऊक होतं. पण वर नसीमच्या हातातला हँडसेट वाजायला हवा होता. ती उचलत नव्हती, म्हणजे एक तर तिच्यापर्यंत रिंग पोचत नव्हती, नाहीतर ती उचलू शकत नव्हती. दुकानात बसून यातलं कुठलं ते कळणार नव्हतं.

रिक्षा केली. नाक्यावर ट्रक आडवा लागलेला. रिक्षावाला हॉर्न वाजवत बसला, शेवटी मी उतरले आणि पायी सुटले.

कारखान्यात सलीमभाई एका लूमवर तुटलेला धागा जोडत होते. मला बघून खूश झाले. कानाशी तोंड नेऊन ओरडले, "मॅडम, फोन मस्त चलता है!"

"आज चालवून बघितला?" मीही ओरडले.

त्यांनी मान हलवली. नाही. मी वर बोट दाखवलं आणि जिन्याकडे धावले. ते मागून आले.

नसीम भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. हँडसेट कानाला. चेहरा सुजलेला.

"कब से बटन दबा रही हूँ," ती म्हणाली. "खर्र खर्र आता है बस. आवाज भी दी. आँखों के आगे चिंगारी उड़ रही है, बाजी."

सलीमभाई तिच्याशेजारी खाली बसले. "मैं तो नीचे ही था," एवढंच म्हणत राहिले.

"ते नंतर. खुर्ची आणा."

दोन कामगारांनी तिला खुर्चीसकट खाली उतरवलं. शेजाऱ्यांच्या व्हॅनमधून नर्सिंग होमला नेलं. डॉक्टरांनी प्रेशर बघितलं आणि आम्हाला बाहेर काढलं. सलीमभाई कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत होते. मी बाकावर बसले.  संध्याकाळी सिझेरियन झालं. मुलगी. वजन कमी होतं, पण आवाज खणखणीत. आई शुद्धीवर आली तेव्हा कुठे मी घरी गेले.

नसीम बाळाला घेऊन घरी यायच्या आधी मी ठरलेलं काम केलं. लूम चालू असताना तिन्ही मॉडेल तपासली. स्वस्तातलं ऑफिसच्या दारातच गप्प झालं. मधलं जिन्याच्या तोंडाशी. सगळ्यात भारी अर्ध्या जिन्यापर्यंत पोचलं. उरलेल्या अर्ध्या जिन्यासाठी बाजारात मॉडेल नव्हतं.

मग साधी वायर ओढली आणि नसीमच्या पलंगाशी साधा वायरचा फोन ठेवला. शेजारी एक बटण बसवलं. ते दाबलं की खाली लूमच्या वर मोठा लाल बल्ब लागायचा. लूमच्या गोंगाटात घंटा ऐकू येत नाही, दिवा दिसतो.

कॉर्डलेस दुकानात परत आला. शेठचं तोंड उतरलं.

"बाई, अशाने आपला एक कॉर्डलेस विकला जाणार नाही."

"विकला जाईल," मी म्हटलं. "पण तपासायचा शनिवारी."