डल्सीची बाजू

सेमाफोर उपनगरातल्या चर्चमागच्या सभागृहात दर मंगळवारी आमची लाकडी जहाजांच्या छोट्या प्रतिकृती बांधणारी मंडळी जमते. तिथं मर्विन ट्रेवार्था आणि त्याची बायको डल्सी नेहमी समोरासमोर बसायचे, मध्ये जहाजाचा सांगाडा. खोक्यातून सुटे भाग येतात. आधी कणा आणि बरगड्या जोडायच्या, मग त्यांवर बारीक पट्ट्या चढवत जायचं. डावीकडची पट्टी मर्विनची, उजवीकडची डल्सीची. कोमट पाण्यात भिजवायची, वाकवायची, गोंद लावून कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवायची.

"तुझी पाळी, म्हाताऱ्या," डल्सी म्हणायची.

दोघांचं बोलणं बहुतेक एवढंच. मी उभा जन्म रंगमंचावर काढला, प्रेमाच्या संवादांची पानंच्या पानं म्हटली. पण एवढ्याशा वाक्यात इतका संसार भरणं मला कधी जमलं नाही.

हिवाळ्यात डल्सी गेली. दफनानंतर मर्विन स्वतः पास्टीचं, खिमा भरलेल्या भाजक्या करंज्यांचं, ताट घेऊन फिरला. प्रत्येकाला विचारत होता, "सॉस हवा का?" पुढच्या मंगळवारी तो जहाज घेऊन आपल्या जागेवर बसला. समोरच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. तो खाली मान घालून पट्ट्या लावत राहिला.

"हात चालताहेत ना, मग ठीक आहे," आमचा अध्यक्ष वॉली माझ्या कानात म्हणाला. आम्हीही तेवढ्यावर निर्धास्त झालो. कुणी जवळ जाऊन पाहिलं नाही.

जहाज म्हणजे लोकर नेणाऱ्या जुन्या क्लिपरची, वेगवान शिडाच्या जहाजाची, प्रतिकृती होती. वसंतातल्या प्रदर्शनात ते पहिल्या टेबलावर ठेवायचं, हे डल्सीनंच ठरवलं होतं. प्रदर्शन जवळ आलं तसं वॉलीनं ते उचललं, एक डोळा मिटून कण्याच्या रेषेत पाहिलं आणि तो खो खो हसला.

"मर्व, जहाज बांधतोयस की केळं?"

मग त्यानं ते फिरवलं, आणि त्याचं हसू गेलं. डावी बाजू वरपर्यंत भरलेली. उजवीकडे मात्र डल्सीच्या शेवटच्या पट्टीनंतर नुसत्या बरगड्या. पट्टी लावायची ती एक इकडे, एक तिकडे. नाहीतर वाळणाऱ्या पट्ट्या कणा आपल्याकडे ओढतात, हे आम्हाला मर्विननंच शिकवलं होतं.

"अरे, ही बाजू?"

"ती डल्सीची," मर्विन म्हणाला. बाहेर वारा सुटलाय म्हणावं तसं. "तिची पाळी होती."

वॉलीनं घसा खाकरला. "असंच राहिलं तर पार पिळवटून जाईल बघ. मी भरतो ही बाजू."

"नको."

"मग बेवला बसव. तिचे हात तरी बाईमाणसाचे आहेत."

"माझे हात?" मी म्हणाले. "अरे, मी रिकामा कपसुद्धा प्रेक्षकांच्या मांडीत पाडलाय!"

कुणी हसलं नाही. तरी मी जाऊन डल्सीच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मर्विननं वर पाहिलंही नाही.

"बेव, नको ना."

मी हात काढून घेतला.

"स्पिरिट आहे का कुणाकडे?" त्यानं विचारलं.

ब्रशनं स्पिरिट लावलं की गोंद नरम पडतो. त्यानं पातळ सुरी घातली आणि आपली सर्वांत वरची पट्टी सोडवली. मग तिच्याखालची. पुढचे काही मंगळवार तो नुसतं उलगडत होता.

"अर्धवट जहाज प्रदर्शनात घेत नाहीत, मर्व. नियम आहे," वॉली म्हणाला.

"मग नका घेऊ."

डल्सीच्या शेवटच्या पट्टीशी बरोबरी झाली तिथं तो थांबला. कणा ओला करून दोन फळ्यांत आवळला. वाळल्यावर वॉलीनं पुन्हा एक डोळा मिटला. कण्याच्या रेषेत पाहिलं.

"सरळ आहे."

मर्विननं मान डोलावली.

प्रदर्शनाच्या दिवशी वॉलीनं ते जहाज, उघड्या बरगड्यांसकट, पहिल्या टेबलावर मांडलं. नियमाचं नाव कुणी काढलं नाही. एका पाहुणीनं विचारलं, "हे पूर्ण कधी होणार?"

वॉलीनं मर्विनकडे पाहिलं. मर्विन माझ्यापाशी पास्टीचं ताट घेऊन उभा होता.

"सॉस हवा का?" त्यानं मला विचारलं.