भिकन शिंप्याचं शुक्रवारचं मत

शिंदखेड्यात कोणता पिक्चर चालणार आणि कोणता आपटणार, हे भिकन शिंप्याच्या दुकानात ठरायचं. पत्र्याच्या टॉकीजला शुक्रवारी नवा पिक्चर लागला की हा गडी पहिल्याच खेळाला जाऊन बसे आणि शनिवारी सकाळी मशीनवर पाय मारता मारता निकाल देई. ब्लाऊज शिवायला टाकणारी बाई आधी विचारी, "भिकनभाऊ, पिच्चर कसा शे?" माप त्यानंतर.

त्याचा निकाल म्हणजे एक घाव दोन तुकडे. "हिरो पन्नाशीना, आनि कॉलेजमा जास! त्याना पोऱ्या कॉलेजमा पाहिजे." "गाना चांगला शेतस, डोया झाकीसन आयका." "मारामारीमा आवाज जास्त, जीव कमी." एकदा दिलेलं मत तो बदलत नसे. शुक्रवारी वाटलं तेच खरं, नंतरचा सगळा विचार म्हणजे शिळ्या कढीला ऊत, असं तो म्हणे. गावही मान डोलवी.

आता खरं सांगायचं तर ही मतं निम्मी त्याची नव्हतीच. टॉकीजात बायकांची बाजू वेगळी असे, तिला जनानी म्हणत, आणि मध्ये एक मळकी कनात. भिकन इकडे बसे, त्याची बायको वच्छलाबाई पलीकडे. खेळ सुटल्यावर दोघं पायी घरी येत. हा मारामाऱ्या आठवत चाले, आणि ती मध्येच म्हणे, "त्या बाईनी त्याले माफ कसाले करं? माले नही पटनं." दुसऱ्या दिवशी दुकानात हेच भिकनचं मत होई. बायकांचं मन ओळखावं तर भिकनभाऊनेच, असं गाव म्हणायचं. ते मन घरी चुलीपुढे भाकरी थापत असे, हे कोणाला ठाऊक?

वच्छलाबाई काविळीने गेली. भिकन पिक्चरला जातच राहिला. मतं अळणी झाली होती, पण ते त्याच्याशिवाय कोणाला कळलं नाही. अंधार झाला की कनातीपलीकडे ती बसली आहे असं त्याला वाटे. बांगड्या वाजल्या की तो मान तिकडे वळवी. त्या पत्र्याखाली त्याचा अर्धा संसार अजून चालू होता.

आणि नेमका तेव्हाच गावात व्हिडिओ आला. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा काळ. धुळ्याहून मशीन आणि टीव्ही भाड्याने आणायचा, ओट्यावर मांडायचा, आणि गल्लीने गोधड्या अंथरून बसायचं. भिकनला त्याचा संताप येई. घरात पिक्चर बघणं म्हणजे पंगतीचं जेवण डब्यातून आणून खाणं, असं त्याचं म्हणणं. हिरोईन मरायला टेकली आहे, आणि दारात कोणी विरजण मागतंय! पण त्याचं कोण ऐकतो? टॉकीज ओस पडत चाललं. मालक रतिलालशेठने एके दिवशी त्याला बाकावर बसवून सरळ सांगितलं, "भिकनभाई, आखाजीला जनानी भरली तर चालवतो. नाहीतर पत्रे हेच राहतील, आत कपाशी भरीन."

टॉकीज गेलं तर वच्छला दुसऱ्यांदा जाणार होती.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात हा सण लेकींचा. सासरी दिलेल्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात आणि घोळक्याने पिक्चरला जातात. लेकीने मात्र आपल्या पायांनी यायचं नसतं. बाप नाहीतर भाऊ तिला आणायला जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. भिकनची एकुलती एक कोकिळा नशिराबादला दिलेली. चार वर्षं तो न चुकता मुऱ्हाळी जात होता. या वर्षी आखाजीच्या तोंडावरच शुक्रवारी पिक्चर लागणार होता, म्हणून त्याने जाणं पुढे ढकललं.

शुक्रवारी त्याने पिक्चर पाहिला, आणि त्याचं तोंड कडू झालं. सासरी छळलेली पोर रडत माहेरी येते, बाप तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवतो, आणि पुढे सगळं गोड होतं. वच्छला असती तर वाटेतच म्हणाली असती, "बाप कसाना तो? कसाई शे!" हे शब्द त्याला कनातीपलीकडून ऐकू आल्यासारखे वाटले. पण तीन खेळांत मिळून जनानीत सात-आठ बायका होत्या. सण चार दिवसांवर आला होता.

घरी येतो तर ओट्यावर कोकिळा. शेजारी भली मोठी पिशवी.

"कोनासंगे उनी?"

"एकलीच उनू, आबा."

"बरं झालं. मना हेलपाटा वाचना," तो म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं होतं.

जेवताना तिने ब्लाऊजचं कापड पुढे केलं. "बाह्या मनगटलगून करज्यात, आबा."

"वैशाखमा? हाई फॅशन कोनता पिच्चरमा देखी?"

ती हसल्यासारखं करून ताट उचलून आत गेली. जन्मभर मापं घेतलेला माणूस. उन्हाळ्यात लेक हात झाकायला कापड मागते, आणि याला आठवतो पिक्चर! देवाने डोळे दिले होते ते काय फक्त पडद्याकडे बघायला?

शनिवारी दुकान बायकांनी भरलं होतं. कोकिळा मागे बसून तुरपाई करत होती. कोणीतरी विचारलंच. भिकनने आयुष्यात पहिल्यांदा खोटं मत दिलं. नुसतं दिलं नाही, रंगवून दिलं.

"एक नंबर पिच्चर शे! बठ्ठ्या बायास्नी देखाले पाहिजे. आंडेर रडत माहेरले येस, आनि बाप तिले उंबरठावरथीन मांगे धाडस. म्हनस, तुनं घर तेच. काय सीन शे! त्याले म्हनतस बाप!"

मागे सुई थांबली. त्याने वळून पाहिलं नाही. त्याला समोरच्या बायकांचे चेहरे वाचायचे होते, आणि ते विरघळत होते.

आखाजीला जनानी अशी भरली की कनात पुरुषांच्या अंगावर आली. माहेरवाशिणी खालीसुद्धा बसल्या. त्या सीनला पलीकडून हुंदके फुटले, आणि अलीकडे भिकन खुर्चीच्या दांड्या धरून बसला. टॉकीज वाचलं होतं. त्या हुंदक्यांत आपल्या लेकीचा हुंदका आहे की नाही, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

आखाजीची लेक पंधरा दिवस तरी राहते. कोकिळेने दुसऱ्याच सकाळी पिशवी उचलली.

"जास, आबा."

"लगेच? जावईनी आठवन उनी वाटतं?"

"पिच्चर चांगला व्हता," ती म्हणाली. "तुम्ही सांगं तसाच."

त्याने तिला एस्टीत बसवून दिलं. नवा ब्लाऊज तिने घातला होता, आणि तो बाह्यांवर छान बसला म्हणून तो मनातल्या मनात खूषही झाला.

दुपारी शेजारची यशोदाबाई आली. तिच्या हातात ना कापड होतं, ना माप.

"भिकनभाऊ, पोरना हात देखात का तुम्ही?"

"काय झायं हातले?"

"उलथनाना चटका शेतस. मनगटपासून कोपरलगून. नवरा मारस, सासू चटका देस. ती परत जावानी नव्हती. तुमले सांगाले उनी व्हती. शनवारे तुमनं पिच्चरनं मत आयकं, आनि माले म्हने, काकू, आते काय सांगानं? आबानी सांगी टाकं."

मशीनचं चाक फिरतच राहिलं आणि खालचं कापड गोळा झालं. भिकनने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, एकदा, दोनदा. यशोदाबाईने हात धरला नसता तर थांबला नसता. ती एकटी आली, मुऱ्हाळी नसताना आली, वर्षाची पिशवी भरून आली. गल्लीतल्या कुत्र्याला कळलं असतं. पडद्यावरच्या बापाला शिव्या द्यायच्या सोडून त्याने त्याची आरती ओवाळली, आणि तीही आपल्याच लेकीसमोर.

दुसऱ्या दिवशी तो निघाला. धुळ्याला गाडी चुकली, पारोळ्याजवळ टायर फुटलं. तिला आज काय केलं असेल? आता काय करत असतील? नशिराबादला पोचला तेव्हा दिवे लागले होते.

व्याह्याच्या पुढच्या खोलीत गर्दी होती. भाड्याचा टीव्ही, खाली व्हिडिओ, आणि पडद्यावर तोच पिक्चर. शिंदखेड्याला नवा लागलेला पिक्चर इथे कॅसेटमध्ये शिळा झाला होता.

"या या व्याही!" उखर्डूनानांनी जागा केली. "तुम्ही पिक्चरमधले जाणते. सूनबाई सांगत होती, तुम्हाला हा लई आवडला."

भिकन भिंतीला टेकून उभा राहिला. कोकिळा आतल्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन थांबली होती. बाह्या मनगटापर्यंत. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

तो सीन आला. पोर उंबऱ्यावर, बाप दारात.

"याला म्हणतात बाप," उखर्डूनाना म्हणाले. "काय व्याही?"

"बाप हरामखोर शे," भिकन म्हणाला.

माना वळल्या. तो थांबला नाही. "पोर जळी ऱ्हायनी, आनि हाऊ तिले आगमा मांगे धाडस! पिच्चर नासका शे. तो बाप नासका शे."

जावई उठून उभा राहिला. टीव्ही बंद करायचं कोणाला सुचलं नाही. कोकिळा दारातूनच म्हणाली, "आबा, शनवारे तुम्ही येगळं सांगं. आज येगळं. कोनतं खरं धरू?"

एकदा दिलेलं मत न बदलणाऱ्या माणसाने ते फिरवलं. "आजनं धर, पोरी. शनवारे मी खोटं बोलनू. टॉकीज भराले पाहिजे व्हतं माले. तुनी माय तठे बसस असं वाटस माले, म्हनीसन. चाल घर."

ती आत गेली. "घरातलं घरात ठेवा, पाहुणे," विहीणबाई म्हणाल्या. भिकन उंबऱ्यावर बसला. तो हलला नाही. ती येणार नाही, असं त्याला वाटू लागलं. तिने का यावं? कोणाच्या भरवशावर? मागे पडद्यावरचा बाप अजून बोलतच होता.

मग त्याच्या खांद्याला पिशवी लागली.

"बांधेलच व्हती," कोकिळा म्हणाली. "तठेन उनू तशी सोडीच नही."

जावयाने मागून शिवी दिली, पण गल्ली बघत होती म्हणून पाऊल पुढे टाकलं नाही. बाप-लेक हायवेला आले. शेवटची गाडी निघून गेली होती. ट्रक धूळ उडवत जात होते. उद्या गाव काय म्हणेल, पुढे काय करायचं, यातलं भिकनला काही ठाऊक नव्हतं. दुकानात त्याचं मत आता कोणी विचारणार नव्हतं, एवढं मात्र त्याला कळत होतं.

"आबा," कोकिळा म्हणाली, "त्या पोरनं शेवटले काय व्हस? मी तो सीन व्हताच उठीसन बाहेर निंघी गऊ."

त्याने शेवट पाहिला होता. सासू सुनेच्या पाया पडते, नवरा हात जोडतो, आणि सगळे एका रांगेत हसत उभे राहतात.

"शेवट खोटा शे, पोरी," तो म्हणाला, आणि समोरून आलेल्या ट्रकला त्याने हात केला. तो थांबला नाही. त्याने पुढच्याला केला.